कोयत्याआधीची तूर

वन्सं, तुमचा तेरावा झाला. पंगती उठल्या आणि हात धुता धुता बायका मला एकच विचारत होत्या, "शांताबाई, बी कधी वाटणार?" दुःखाच्या घरी असं कुणी विचारतं का? आत्याबाई, तुमच्या आई, असत्या तर फाडकन बोलल्या असत्या. मला मात्र हसू आलं. पदर तोंडाला लावून मी मागच्या दारी गेले. लोकांना वाटलं, रडतेय. रडतही होते. दोन्ही एकदमच चाललं होतं.

भाषणं झाली. भाषणांत तुम्ही फार थोर झालात. कुणी तुम्हाला भूमिकन्या केलं, कुणी माउली. तुमची जीभ किती तिखट होती आणि चहात साखर कमी पडली की तुम्ही कसा कप सरकवून द्यायचात, हे कुणी बोललं नाही. मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात तुमच्याशीच बोलत होते. ते अजून थांबलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही संशोधन केंद्रात नोकरीला होतात. तुरीचे नवे वाण काढायचं काम. रविवारी एसटीनं सिरसाळ्याला उतरायचात, तिथून जीपनं गावात. माहेरी येणाऱ्या नणंदेच्या पिशवीत खाऊ असतो म्हणतात. तुमच्या पिशवीत तुरीच्या शेंगा. त्या तुम्ही ओट्यावर ओतायचात, दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरायचात, आणि मी भाकरी थापत बघत राहायचे. लग्न न केलेली नणंद, थोरली, शिकलेली, आणि एवढ्या एवढ्याशा दाण्याशी बोलणारी. मला तुमची भीती वाटायची.

ती भीती गेली पौषातल्या एका रविवारी. शेजारच्या कौसाबाईच्या घराला कुलूप होतं. ती आणि तिचा नवरा दरवर्षीसारखे दसरा झाल्यावर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले. त्यांच्या रानात तूर वाळून उभी होती. शेंगा तडकून दाणे खाली सांडत होते. ज्या भावकीला राखायला सांगितलं होतं ती आपल्या कामात. आपण दोघी बांधावरून चाललो होतो आणि आत शेळ्या शिरलेल्या. तुम्ही चप्पल हातात घेऊन शेळ्यांच्या मागं धावलात. मग धापा टाकत एक शेंग सोललीत.

"बघ शांता, काय भरलाय दाणा! हा वाण मीच दिला होता त्यांना."

"मग रडवेल्या कशानं झालात?"

"अगं, पीक आलंय आणि मालकीण कुठंय? तिकडं दुसऱ्याच्या उसाच्या फडात."

चैत्रात कौसा परतली तेव्हा तुम्ही मुद्दाम भेटायला गेलात. मीही होते. तिनं पाणी दिलं आणि हसून सांगितलं, "बाई, तूर तुमची लई झ्याक. पर ती आमच्या माघारी पिकती. आमी गेलतो तवा नुसती फुलावर आलती. आमाला काय, काड्या घावल्या चुलीला."

तुम्ही म्हणालात, "मग तुम्ही निघायच्या आत पिकणारी करते."

मला हसू फुटलं. "वन्सं, तूर म्हणजे काय भाकरी आहे का? जाळ वाढवला की लवकर भाजली!" कौसाही हसली. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते पुढं मी पुष्कळदा पाहिलं. हट्ट म्हणा.

केंद्रात मात्र वरून एकच विचारणा असायची, हेक्टरी उतारा किती. लवकर येणारी तूर बुटकी राहते, फांद्या कमी, शेंगा कमी. तिथं ती पहिल्याच चाचणीत मागं पडायची. तुम्ही घरी येऊन चिडायचात, "उतारा विचारतात. तो कुणाच्या घरात गेला ते कोण विचारणार?" आणि एक दिवस नोकरी सोडून, पत्र्याची पेटी घेऊन तुम्ही कायमच्या घरी आलात. जेवणं चालली होती. तुम्ही आपल्या भावाला म्हणालात, "मला माझा वाटा दे."

माझी पळी आमटीत तशीच राहिली. बहिणीनं वाटा मागितला की घरं कशी फाटतात ते मी माहेरी पाहिलेलं. यांचाही घास हातात थांबला.

"कुठला वाटा?"

"ओढ्याकडचं रान दे. मर लागलेलं."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी यांच्याकडं. ते रान कुणी फुकटही घेतलं नसतं. तूर पेरली की फुलावर येईपर्यंत हिरवीगार दिसायची आणि मग एकेक झाड उभ्या उभ्या सुकायचं. खोड चिरलं तर आत काळी रेघ. रोग मातीतच मुरलेला. आपण तिथं तूर कधीच सोडून दिली होती. मला सुटल्यासारखं झालं आणि दुसऱ्याच क्षणी संशय आला, की या बाईच्या मनात आहे तरी काय?

ते उन्हाळ्यात कळलं. तुम्ही गावभर हिंडून मर लागून मेलेल्या तुराट्या गोळा केल्यात. तोडून बारीक केल्यात आणि त्याच रानात पुरल्यात. आत्याबाई काठी टेकत बांधावर आल्या.

"विमल, आगं रोग पेरती का काय? डोस्कं फिरलं का तुजं?"

"आई, चांगल्या रानात सगळ्याच तुरी शहाण्या असतात. इथं जी टिकंल ती कुठंही टिकंल."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला आणि घरी येऊन मला म्हणाल्या, "तूच सांग आता तिला." मी काय सांगणार? दुसऱ्या दिवशी मीच तुमच्याबरोबर खुरपं घेऊन गेले. का गेले, हे मला आजही सांगता येत नाही. घरात बसून तुमची वाट बघण्यापेक्षा ते बरं वाटलं असेल.

मग तुम्ही मला संकर करायला शिकवलंत. लांबून आणलेली एक लवकर पिकणारी बुटकी तूर, आणि एक आपल्या भागातली जुनी, उशिरा येणारी पण मरीला दाद न देणारी. कळी उमलायच्या आत चिमट्यानं हलकेच उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून लाल दोरा बांधायचा. माझी नजर तुमच्यापेक्षा चांगली होती, हे तुम्ही एकदाच कबूल केलंत. तेही, "सुईत दोरा ओवायची सवय आहे तुला," असं म्हणून.

त्या लेकरांनी काय छळलं आपल्याला! काही लवकर फुलायची आणि मरीनं जायची. काही मरीतून वाचायची आणि संक्रांतीपर्यंत ढिम्म हिरवी. बापाचं सगळं घेतलं आणि आईचं काहीच नाही, अशी. आपण दरवर्षी पेरायचो आणि दरवर्षी बहुतेक सगळी उपटायचो. भरल्या शेंगांचं झाड उपटताना माझा जीव खालीवर व्हायचा.

"हे राहू द्या ना, वन्सं. किती लगडलंय."

"उशिरा आलंय. उपट."

मलमलीच्या पिशव्या शिवून मी फांद्यांना बांधायचे, मधमाश्यांनी दुसऱ्या तुरीचे पराग आणू नयेत म्हणून. गावातल्या बाया म्हणायच्या, शांताबाईची नणंद तुरीला टोपडी घालती.

त्याच वर्षांत आम्ही बायकांनी सहकारी दालमिल काढली होती. मला अध्यक्ष केलं, कारण भांडायला मी पुढं असायचे. मशीन आलं, शेड झाली, पण तूर कुठली! तूर पिकायची तेव्हा निम्म्या सभासद फडात, आणि त्यांच्या माघारी ती परस्पर बाजारात जायची. मिलच्या पट्ट्यावर चिमण्या बसायच्या. त्यामुळं तुमची तूर लवकर यावी, ही आता माझीही गरज झाली होती. आणि गरज झाली म्हणून मी मागणी पुढं केली.

"लवकर यावी, मरू नये, हे ठीक. पण डाळ बोटानं चेपेल अशी शिजली पाहिजे."

"ते नंतर बघू."

"नंतर कधी? टँकरचं पाणी जड. डाळ शिजत नाही, सरपण जातं, वर पाणी घालावं लागतं, आणि पाणी आणतं कोण? बायकाच ना?"

"शांता, सगळं एका झाडात मावत नाही. झाडाजवळ आहे तेवढंच असतं. लवकर ये म्हटलं की ते वाढ कमी करतं. दाणा मोठा कर म्हटलं की शेंगेत दाणे कमी. प्रत्येक गोष्टीसाठी दुसरं काहीतरी सोडावं लागतं. म्हणून आधी ठरवायचं असतं, कुणासाठी करतोय."

"शिजवणारीसाठी करा."

तुम्ही म्हणालात, "बरं. शिजवून तू सांग."

तेव्हापासून प्रत्येक निवडीची मूठभर डाळ माझ्या चुलीवर आली. तुमची सगळ्यात लाडकी निवड, टपोऱ्या दाण्याची, ती मी नापास केली. अर्धा हंडा पाणी पिऊन दगडासारखी राहिली ती. मी वाटी तुमच्यापुढं आदळली, "ही माझ्या मिलमध्ये येणार नाही." तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी गुपचूप ती ओळच्या ओळ उपटून टाकलीत. नणंद-भावजयीच्या भांडणात माझी ती पहिली जीत.

शेवटी एक निवड उरली. फार उंच नाही, शेंगा शेंड्याला घोसानं, मरीच्या रानात ताठ, आणि एका उकळीत मऊ होणारी. बी वाढवलं आणि मिलच्या सभासदांना पेरायला दिलं. आणि पहिल्याच वर्षी घाटेअळीनं आपल्याला धुतलं. आजूबाजूची सगळी तूर अजून पाल्यावर होती, फुललेली फक्त आपली. साऱ्या शिवारातली अळी आपल्याच रानात जमली. सकाळी बघावं तर शेंगेशेंगेला भोक. कौसा माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"शांताबाई, तूर आमच्या आधी पिकली, पर अळीनं आमच्या आधी खाल्ली."

मला वाटलं तुम्ही खचाल. तुम्ही विचारलंत, "कौसा, कोंबड्या किती आहेत गावात?"

पुढच्या पावसाळ्यात जे झालं तसा तमाशा गावानं पाहिला नव्हता. दोघी दोघींनी तुरीच्या ओळीखाली जुनं लुगडं धरायचं, तिसरीनं झाड गदागदा हलवायचं. अळ्या टपाटप लुगड्यात. लुगडं कोंबड्यांपुढं झटकलं की कोंबड्या वेड्यासारख्या धावायच्या. रोज सकाळी हेच. पुरुष पारावरून हसायचे. हे म्हणाले, "तुमच्या मिलचा कोंबड्यांना लई उपयोग झाला बघा." पण शेंगा वाचल्या. त्या वर्षी मिलच्या चिमण्या उडाल्या. थोडी का होईना, आपली तूर पट्ट्यावर चढली.

आणि मग तो दुष्काळ आला.

पाऊस मृगात बरसला, आर्द्रेत बरसला, पोळ्यानंतर आभाळ जे कोरडं झालं ते झालंच. ओढा आटला, सोयाबीन करपलं, कापूस गुडघ्याला थांबला. गावरान तूर फुलावर आली आणि फुलं गाळून मोकळी झाली, तिला पुढं ओल कुठली! पण आपली तूर तोवर भरली होती. ओल सरायच्या आत तिनं आपलं काम उरकलं होतं. उघड्याबोडक्या शिवारात ओढ्याकडचं रान आणि सभासदांचे पट्टे तेवढे पिवळे-तपकिरी, शेंगांनी वाजणारे. वारा आला की खुळखुळ्यासारखा आवाज यायचा. तुम्ही बांधावर उभ्या राहून डोळे मिटून ऐकत होतात. मी म्हटलं, "काय ऐकताय?" तुम्ही म्हणालात, "गप बस जरा."

त्या वर्षी तोडीला जाणारे वाढले होते, दुष्काळच तसा. दसरा झाला, ट्रक गावात आला. मुकादमानं हॉर्नवर हॉर्न वाजवले. सगळ्यांची भांडीकुंडी चढली, कौसाची चढेना. ती खळ्यावर तूर बडवत होती. मुकादम तणतणत खळ्यावर आला.

"ए कौसाबाई, चल की! ट्रक काय तुझ्या तुरीसाठी थांबंल का?"

कौसानं बडवणं थांबवलं नाही. "थांबंल की! आजवर माजी तूर तुमच्यासाठी थांबत आली, आज तुमी तिच्यासाठी थांबा."

आणि वन्सं, तुम्हाला आठवतं का, ट्रकमधून एकेक बाई खाली उतरली. कुणी काठी घेतली, कुणी सूप. ज्यांची तूर आधीच झाली होती त्याही, आणि ज्यांनी आपल्याला हसून गावरान पेरली होती त्याही. मुकादम ट्रकच्या चाकाला टेकून विड्या ओढत बसला. दुपार कलेपर्यंत तूर वारवून पोत्यात भरली आणि पोती मिलच्या शेडमध्ये गेली. मग कौसा ट्रकमध्ये चढली. मागच्या फाळक्यावर बसून, डोक्यात तुरीचा भुसा तसाच, तिनं तुमच्याकडं बघून दोन्ही हात वर केले. ट्रक गेला. तुम्ही धुळीत उभ्या राहून माझा हात इतका घट्ट धरलात की माझी बांगडी फुटली.

त्या हिवाळ्यात मिल चालली. खरी चालली. डाळीचा पिवळा धुरळा शेडमधून बाहेर यायचा. सुकवायला, निवडायला, भरायला बाया कमी पडायला लागल्या. कौसा परतली ती मला एवढंच म्हणाली, "पुढच्या साली मी जाणार न्हाई. मिलमधी बसते." तिच्यामागून दुसरी राहिली, मग तिसरी. जिल्ह्यातून ट्रक अजूनही जातात. आपल्या गावातूनही एखादा भरतो. पण आमच्या सभासदांतली आता क्वचितच कुणी फाळक्यावर दिसते.

केंद्रातले तुमचे जुने साहेब मग बघायला आले होते. भला माणूस. रान फिरले, शेंगा मोजल्या आणि म्हणाले, "विमलताई, सगळं छान, पण उतारा आमच्या वाणापेक्षा कमीच भरतो." तुम्ही त्यांना काही पटवायला गेला नाहीत. मिलमध्ये नेलंत, कौसाच्या हातचं वरण-भात वाढलंत. दुसऱ्यांदा वरण मागून घेतल्यावर ते म्हणाले, "हे मोजायचं कसं?" तुम्ही म्हणालात, "ते तुम्ही शोधा. मी थकले." आणि अशा खळखळून हसलात की साहेबांना ठसका लागला.

आपलं एक भांडण राहून गेलं, येळवशीचं. मार्गशीर्षातल्या अवसेला रानात जेवायला जायचं आणि भज्जीच्या मिसळ भाजीत तुरीचे हिरवे सोले नाहीत, हे मला कधी पटलं नाही. तुमची तूर तोवर डाळ होऊन बसलेली. "सणाला काय वाळलेले दाणे उकडू?" मी दरवर्षी म्हणायचे. "वाटाणा घाल," तुम्ही दरवर्षी म्हणायचात. मी परसात गावरान तुरीची एक ओळ लपवून ठेवते हे तुम्हाला माहीत होतं. सोले ताटात आले की तुम्ही निमूट खायचात आणि दुसऱ्यांदा घ्यायचात. यंदा येळवस तुमच्या सुतकात आली. रानात कुणी गेलं नाही. सोले झाडावरच पिकले.

तुम्ही यंदाची तूर घरात आलेली बघून गेलात. खाट ओसरीवर टाकायला लावलीत. पोती आत जाताना हात लावून बघितलीत. मी तुमचं डोकं विंचरत होते, केस विरळ झाले होते. तुम्ही विचारलंत, "शिजली कशी?" मी म्हटलं, "लोण्यासारखी." नणंद-भावजयीनं एकमेकीचं कौतुक करायचं नसतं, तशी पद्धतच नाही. आपण ती जन्मभर पाळली. तरी त्या दिवशी मी 'लोण्यासारखी' म्हणाले ते डाळीला नव्हतं, आणि ते तुम्हाला कळलं, हेही मला कळलं.

आता कालचं सांगते. त्यासाठीच हे सगळं लिहिलं.

काल मिलच्या शेडमध्ये सभा घेतली. पुढं काय करायचं, एवढाच विषय. तुमच्याजवळ संकर शिकलेली कौसाची सून रेखा उठली. तुम्ही तिचा हात धरून चिमटा कसा धरायचा ते शिकवलंत, ती. म्हणाली, "नवी तूर करू. दाणा मोठा, शेंगा जास्त. जरा उशिरा आली तरी चालंल."

मी ताडकन उभी राहिले. तुमच्या बाजूनं भांडायचं ठरवूनच गेले होते मी. "उशिरा? अगं, लवकर यावी म्हणून विमलताईंनी जन्म घालवला! आणि दुष्काळ विसरलीस का?"

"दुष्काळाला ही तूर हायच की आत्या. हिचं बी आपण मोडणार न्हाई, निम्म्या रानात हीच पेरू. पर दुसऱ्या निम्म्यात कावून घाई?" तिनं सगळ्या बायकांकडं हात केला. "ट्रक यायच्या आत पिकली पायजे म्हणून ती घाई होती ना? आता आमी जातो कुठं?"

मग कौसानं हात वर केला. तिच्या शेजारणीनं केला. बघता बघता सगळे हात वर झाले. विरोधात मी एकटी. वन्सं, मी तुमच्याकडून भांडले आणि सपशेल हरले. घरी येताना बांधाबांधानं आले आणि सगळी वाट मी हसत होते.